जुनी मोटोक्रॉस गाडी पुन्हा मातीत उतरवताना

जळक्या एरंडेलाचा वास एकदा नाकात बसला की तो सहसा जात नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत मोटोक्रॉसच्या, म्हणजे खडबडीत मातीच्या मार्गावरील मोटरसायकलींच्या, शर्यतींत टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलात एरंडेलापासून बनवलेले ऑइल सर्रास मिसळले जाई, आणि त्या काळाविषयी बोलू लागलेला माणूस शर्यत कोणी जिंकली हे सांगण्याआधी बहुधा त्या वासाविषयी बोलतो. मग हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरच्या फिनांचा झणझणाट, दोन शॉकॲब्झॉर्बरवर उसळत जाणारे मागचे चाक आणि चिखलात बुडालेली नंबरप्लेट या गोष्टी ओघाने येतात. या ओढीपायी पुष्कळ जण एखादी जुनी गाडी शोधून काढतात, मोठ्या उत्साहाने खोलतात आणि त्यांतल्या अनेकांची गाडी पुढे कित्येक वर्षे खोक्यांतच राहते.

याला हातात कसब नसणे हे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकलेला असतो. आठवणीतली गाडी नेहमी चकचकीत असते, म्हणून माणूस रंगापासून आणि क्रोमपासून सुरुवात करतो, आणि इंजिनाकडे वळेपर्यंत त्याचे पैसे आणि उमेद दोन्ही संपतात. आठवणीवर प्रेम जरूर करावे, परंतु एकही मोजमाप तिच्यावर सोपवू नये, हे मी स्वतःच्या चुकांतून शिकलो आहे. पुढे जो क्रम सांगितला आहे तो त्याच अनुभवातून आला आहे.

आधी काळ निवडावा, मग गाडी

"जुनी मोटोक्रॉस" हा शब्दप्रयोग सैल आहे. या खेळाचे मूळ ब्रिटनमधल्या स्क्रॅम्बल शर्यतींत असून त्यांतली आद्य मानली जाणारी शर्यत १९२४ मध्ये सरे परगण्यात कँबर्ली येथे झाली. मोटोक्रॉस हे नाव मात्र फ्रेंच भाषेतून आले. ५०० सीसी गटाला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा १९५७ मध्ये मिळाला आणि त्या वर्षी स्वीडनचा बिल निल्सन एजेएस गाडीवर जिंकला. तेव्हापासून १९८० च्या दशकापर्यंत गाड्या इतक्या बदलल्या की १९६३ ची गाडी आणि १९८१ ची गाडी शेजारी उभ्या केल्या, तर त्या एकाच खेळाच्या आहेत यावर विश्वास बसत नाही.

साधारणपणे चार टप्पे करता येतात. पहिला टप्पा जड ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचा असून त्याचे शेवटचे मोठे यश म्हणजे जेफ स्मिथने बीएसएच्या एक सिलिंडरच्या गाडीवर १९६४ आणि १९६५ मध्ये मिळवलेली ५०० सीसी गटाची दोन विजेतेपदे. १९६६ मध्ये पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रेडरिक्सने चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड टू-स्ट्रोकवर तोच किताब घेतला आणि दुसरा टप्पा स्थिरावला: हुस्कवार्ना, सीझेड, मायको, तसेच बुल्टाको, मोंटेसा, ओस्सा या हलक्या युरोपीय टू-स्ट्रोक गाड्यांचा. त्यांच्या मागच्या चाकाचा प्रवास, म्हणजे शॉकवर चाक खाली-वर होण्याचे अंतर, अजूनही जेमतेम चार इंच होता. तिसरा टप्पा या प्रवासाच्या लांबीचा आहे. बेल्जियमच्या ल्यूसियाँ तिल्केन्स यांच्या कल्पनेतून आलेला एकच शॉक असलेली यामाहा घेऊन हाकान आंदर्सन १९७३ मध्ये २५० सीसी गटात जगज्जेता झाला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच मागच्या चाकाचा प्रवास चार इंचांवरून बारा इंचांच्या घरात गेला. चौथा टप्पा १९८१ च्या सुमारास सुरू होतो; जपानी कंपन्यांच्या १२५ सीसी गाड्यांवर पाण्याने थंड होणारे इंजिन आणि शॉकला जोडलेली लिंकेज, म्हणजे मागचे चाक आणि शॉक यांच्यामधली तरफांची जोडणी, तेव्हा आली, आणि पाठोपाठ डिस्क ब्रेकही आले.

हा इतिहास नुसता रंजनासाठी सांगितलेला नाही, कारण जुन्या गाड्यांच्या शर्यतींतले गट याच रेषांवर आखलेले असतात. ब्रिटनमध्ये १९६५ पूर्वीच्या गाड्यांचा आणि दोन शॉकच्या गाड्यांचा असे वेगळे गट चालतात. अमेरिकेतील 'अहर्मा' या संघटनेच्या नियमांत व्हिंटेज मोटोक्रॉस गाडीला पुढे सात इंच आणि मागे चार इंच एवढाच प्रवास चालतो. 'इव्हो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटाची कसोटी तर एका दमात सांगता येते: इंजिन हवेने थंड होणारे हवे, ब्रेक ड्रमचे हवेत आणि मागे लिंकेज नको. ज्याला पुढे शर्यतीत उतरायचे आहे त्याने नियमावली आधी वाचावी आणि गाडी नंतर घ्यावी; हौसेने लांब शॉक बसवलेली सुंदर गाडी दारावरून परत जाताना मी पाहिली आहे.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने १९७३ ते १९८० या काळातली १२५ किंवा २५० सीसीची जपानी गाडी घ्यावी, असे माझे मत आहे. होंडाची सीआर २५० एम एल्सिनोर ही अशा गाडीचा उत्तम नमुना होय. १९७३ मध्ये ती आली आणि त्याच वर्षी गॅरी जोन्सने तिच्यावर अमेरिकेचे २५० सीसीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. या गाड्या मोठ्या संख्येने बनल्या, त्यांचे आटे मेट्रिक मापाचे आहेत आणि त्यांच्या रचनेत कोड्यात टाकणारे फारसे काही नाही. याउलट सीझेडच्या गाडीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो, हुस्कवार्ना आणि मायको यांची किक डावीकडे असते, तर अनेक ब्रिटिश आणि स्पॅनिश गाड्यांचा गिअर उजव्या पायाशी व ब्रेक डाव्या पायाशी असतो. ज्याचे मन या गाड्यांवर जडले आहे त्याला हे वेगळेपणच हवे असते, हे मान्य. परंतु पहिल्या कामात तरी एका वेळी एकच कोडे असावे.

विजेत्याच्या नावावर भाळूनही गाडी निवडू नये. रॉजर डी कोस्टरने १९७१ मध्ये सुझुकीवर ५०० सीसीचे विजेतेपद मिळवले, पण त्याच सुमारास दुकानांत आलेली सुझुकी टीएम ४०० त्याच्या कारखान्यात घडवलेल्या गाडीपेक्षा फार निराळी होती, आणि तिची ताकद ज्या धक्क्याने येते त्यासाठीच ती आजही ओळखली जाते. भिंतीवरचे पोस्टर आणि विकत मिळणारी गाडी यांत हे अंतर तेव्हाही होते.

विकत घेण्याआधी काय पाहावे

गाडी पाहायला जाताना टॉर्च, एक चिंधी आणि थोडे रॉकेल किंवा डिझेल सोबत न्यावे. रंगाकडे न बघता चौकटीच्या तीन जागा पुसून पाहाव्यात: हँडलच्या बेअरिंगभोवतीचा भाग, स्विंगआर्मची, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या खाली-वर होणाऱ्या दांड्याची, खीळ जिथून जाते तो भाग आणि फूटरेस्टचे जोड. उडीवरून खाली आल्यावर सगळा भार इथेच येतो आणि तडा जातो तोही इथेच. रंगावर केसाएवढी गंजाची तांबूस रेघ दिसली तर तिथे नखाने खरवडावे. रेघ कायम राहिली तर तो बहुधा तडाच असतो. पूर्वी कोणी वेल्डिंग केले असेल तर तेवढ्यावरून गाडी नाकारण्याचे कारण नाही. ओबडधोबड वेल्डिंग मात्र बाकीचे कामही कोणत्या हाताने झाले असेल ते सांगते.

इंजिन जाम असेल तर किकवर उभे राहून जोर लावू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल किंवा गंज सैल करणारे तेल ओतावे आणि काही दिवस वाट पाहावी. गंजाने चिकटलेली रिंग अशा वेळी पुष्कळदा सुटते, जोराने मात्र ती तुटते आणि सिलिंडरला ओरखडे पाडून जाते.

हरवलेल्या भागांचा हिशेब घेताना लोक चुकतात. पिस्टन, रिंग, बेअरिंग, सील हे सारे तुलनेने सहज मिळते. मूळ एक्झॉस्ट पाइप, एअरबॉक्स (एअर फिल्टरचे खोके), कार्ब्युरेटर, ठिणगीची वीज बनवणाऱ्या मॅग्नेटचे झाकण आणि प्लास्टिकचे किंवा फायबरचे मूळ भाग मिळवण्यात मात्र वर्षे जातात. म्हणून इंजिन जाम असलेली पण सगळे भाग अंगावर असलेली गाडी, चालू असलेल्या पण अर्धवट गाडीपेक्षा मी केव्हाही आधी घेईन. चौकटीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक टिपून घ्यावा. या गाड्या रस्त्यासाठी नोंदवलेल्या नसतात, त्यामुळे खरेदीची पावती हाच बहुतेक वेळा एकमेव कागद असतो आणि तो लेखीच घ्यावा.

खोलताना

प्रत्येक भाग सुटण्याआधी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठीसह ठेवावेत, हे सगळेच सांगतात. मी एवढीच भर घालतो की वायसरांची संख्याही चिठ्ठीवर लिहावी. क्लचच्या दांड्यामागचा एक पातळ वायसर कुठला, हे सहा महिन्यांनी कोणालाही आठवत नाही.

जपानी गाड्यांच्या झाकणांचे स्क्रू नेहमीच्या फुलीच्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडू नयेत. त्यांची खाच दिसायला फिलिप्ससारखी असली तरी ती जपानी मानकाची म्हणजे जेआयएस मापाची असते. फिलिप्सचे टोक तिच्या तळाशी टेकतच नाही, जोर लावला की वर सरकते आणि खाच गोल करून टाकते. जेआयएसचे टोक घेऊन, ते हातोडीच्या ठोक्याने फिरणाऱ्या इम्पॅक्ट ड्रायव्हरला लावावे. पहिला ठोका हलका, दुसरा नेमका, आणि "टक्" असा कोरडा आवाज येऊन स्क्रू सुटला की त्याची खाच तपासावी: कडा शाबूत असतील तर टोकाचे माप योग्य आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात. मेट्रिक पाना त्यांवर "जवळजवळ" बसतो आणि त्या जवळजवळमध्येच नटाचे कोपरे जातात.

दोन धोक्यांकडे दुर्लक्ष करू नये. त्या काळच्या ब्रेक शूंच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये; ती ओल्या फडक्याने टिपून फडके पिशवीत बंद करावे आणि मास्क लावावा. दुसरे म्हणजे, वजन वाचवण्यासाठी काही गाड्यांचे हब, झाकणे किंवा इंजिनाच्या पेट्या मॅग्नेशियमच्या बनवलेल्या असत. मॅग्नेशियमचा कीस ठिणगीने पेट घेतो आणि पाणी ओतल्यास आग अधिक भडकते, त्यामुळे अशा भागावर ग्राइंडर चालवू नये आणि त्याचे वेल्डिंग जाणकाराकडूनच करून घ्यावे.

इंजिन हवा धरते का

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची) पेटी हाच पंप असतो. कार्ब्युरेटरमधून आलेले मिश्रण आधी तिथे ओढले जाते, दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. ही पेटी कुठूनही हवा घेऊ लागली तर मिश्रणात पेट्रोलचे आणि पर्यायाने ऑइलचेही प्रमाण घटते, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला घासत घासत अखेर चिकटतो. जुन्या गाडीत ही हवा बहुतेक वेळा क्रँकच्या दोन टोकांना असलेल्या रबरी सीलमधून येते, कारण वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत रबर कडक होऊन त्याची कड क्रँकला लागेनाशी होते.

माझ्या पहिल्या २५० सीसी गाडीचे इंजिन सुंदर वाजत होते. नवा पिस्टन, नव्या रिंगा, स्वच्छ कार्ब्युरेटर असे सगळे होते. सील "दिसायला बरे" होते म्हणून मी ते तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी लांब सरळ पट्ट्यावर थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचे फेरे खाली येईनात. तो इशारा मला कळला नाही. पुढच्या चढावर आवाज एकाएकी तीक्ष्ण झाला, मागचे चाक अडकले आणि गाडी मातीत काळी रेघ ओढत थांबली. सिलिंडर काढला तेव्हा नव्या पिस्टनच्या बाजूला बोटाच्या रुंदीचे चार ओरखडे होते. थोडक्या किमतीचे सील वाचवण्यापायी मी पुन्हा बोअरिंग आणि पुन्हा पिस्टन एवढा खर्च ओढवून घेतला होता.

दोन बाजूंच्या सीलांची लक्षणे वेगळी असतात, ती ओळखता यावीत. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले की बाहेरची हवा आत येते. इंजिन आयडलला स्थिर राहत नाही, फेरे वर अडकतात आणि प्लग पांढरट दिसतो. क्लचच्या बाजूचे सील गेले की इंजिन गिअरबॉक्समधले ऑइल ओढून घेते. पांढरा दाट धूर निघतो, प्लग ओला होतो आणि गिअरबॉक्सचे ऑइल गूढपणे कमी होत जाते. दोन्ही सील नवीनच घालावेत, यात काटकसर नको.

त्यानंतर गळतीची तपासणी करावी, आणि या लेखातले एकच काम करायचे असेल तर हेच करावे. एक्झॉस्टचे तोंड ट्यूबच्या रबराचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी आवळून बंद करावे, कार्ब्युरेटरच्या जागी रबरी बूच बसवावे आणि प्लगच्या छिद्रातून हातपंपाने सुमारे ६ पीएसआय दाब भरावा. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या उपकरणाचा फुगा आणि मापक चालतात, कारण त्यांवरचे ३०० मि.मी. म्हणजे जवळजवळ तेवढाच दाब होतो. यापेक्षा जास्त दाब भरू नये, नाहीतर चांगले सीलही जागचे हलते. मग सहा मिनिटे वाट पाहावी. दर मिनिटाला एक पीएसआयपेक्षा अधिक दाब उतरत असेल तर साबणाचे पाणी ब्रशने लावत जावे: सिलिंडरच्या बुडाशी, पेटीच्या जोडावर, कार्ब्युरेटरच्या नळीवर, मॅग्नेटच्या मागे. जिथे बारीक फेस फुगतो तिथे दोष असतो. मिनिटभर काटा अजिबात न हलता उभा राहिलेला पाहणे हे मला ताज्या रंगापेक्षा अधिक समाधान देते.

वरचा भाग बसवताना पिस्टनच्या डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे असावा आणि रिंगेचे तोंड खाचेतल्या छोट्या खुंटीवर बसलेले असावे. खुंटीवरून सरकलेली रिंग सिलिंडर खाली दाबताच मोडते. रिंग रिकाम्या सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट मोजावी. साधारण ७० मि.मी. बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) ती ०.३ मि.मी.च्या आसपास असते, तरी अखेरचा शब्द त्या गाडीच्या पुस्तिकेचा मानावा. पिस्टन दांड्याला जोडणाऱ्या गजन पिनच्या टोकांचे सर्क्लिप (तारेच्या छोट्या कड्या) जुने पुन्हा वापरू नयेत. ते घालण्याआधी पेटीच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबून ठेवावे, कारण पकडीतून निसटलेला सर्क्लिप उडून नेमका पेटीतच पडतो, आणि मग तो शोधण्यासाठी सगळे इंजिन पुन्हा खाली उतरवावे लागते. मुख्य बेअरिंग ठोकून बसवण्याऐवजी पेटी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावी आणि बेअरिंग फ्रीझरमध्ये थंड करावे. ते आपल्या वजनाने जागी बसते.

ठिणगी आणि पेट्रोल

मॅग्नेटचे फ्लायव्हील हातोडीने काढू नये, त्याच्या मापाचा पुलर वापरावा. पॉइंटांची, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, फट साधारण ०.३५ मि.मी. ठेवून टायमिंग (ठिणगीची वेळ) लावावे, आणि ते अंदाजाने लावू नये: प्लगच्या छिद्रात डायल गेज (बारीक अंतर मोजणारा काट्याचा मापक) बसवून पिस्टनचे सर्वांत वरचे स्थान शोधावे आणि तिथून पुस्तिकेत दिलेल्या मिलिमीटरांएवढे मागे यावे. पॉइंटांच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी धरून फ्लायव्हील हळूहळू फिरवले की ज्या क्षणी कागद सैल होऊन निघतो त्या क्षणी पॉइंट उघडलेले असतात. अनेक युरोपीय गाड्यांवर मोटोप्लाट कंपनीची इलेक्ट्रॉनिक इग्निशन असते. तिचा जुना स्टेटर (फ्लायव्हीलच्या आतली स्थिर गुंडाळी) थंड असताना चांगली ठिणगी देतो आणि तापला की मुका होतो, म्हणून गाडी दहा मिनिटांनी बंद पडत असेल तर कार्ब्युरेटरला दोष देण्याआधी तापलेल्या अवस्थेत ठिणगी पाहावी.

कार्ब्युरेटर बिंग, अमाल, मिकुनी किंवा यिकोव्ह कोणताही असो, त्याची छिद्रे तारेने कोरू नयेत. स्वच्छतेचे द्रव आणि हवा पुरेशी असते. एअर फिल्टरचा जुना फोम बोटाने दाबून पाहावा. तो कुजलेला असतो, चुरा होतो आणि तो चुरा थेट इंजिनात जातो. मेन जेट (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल सोडणारे कार्ब्युरेटरचे छिद्र) सुरुवातीला एक-दोन मापे मोठा ठेवून मग खाली यावे. वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर जाऊन, क्लच दाबत त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा: तपकिरी रंग ठीक, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि पांढरटपणा म्हणजे धोका.

ऑइलचे प्रमाण हा वादाचा विषय आहे. जुन्या पुस्तिकांत २० ला १ असे प्रमाण आढळते, म्हणजे ५ लिटर पेट्रोलात २५० मि.लि. ऑइल. ते त्या काळच्या ऑइलसाठी होते. आजचे चांगले टू-स्ट्रोक ऑइल ३२ ला १ ने, म्हणजे ५ लिटरला सुमारे १५६ मि.लि. घातले तरी पुरते आणि मी तेच घालतो. केवळ वासासाठी एरंडेलाचे ऑइल घालावेसे वाटले तर घालावे, मात्र ते दुसऱ्या ऑइलमध्ये मिसळू नये, थंडीत पेट्रोलापासून वेगळे होते हे लक्षात ठेवावे आणि ते इंजिनात चिकट थर सोडते हेही. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुने रबर फुगवते, हवेतला ओलावा शोषते आणि स्पॅनिश गाड्यांच्या फायबरग्लासच्या टाक्यांतली राळ विरघळवते. ती राळ पिस्टनवर जाऊन बसते. अशी टाकी असेल तर आतून योग्य लेप द्यावा किंवा इथेनॉलविरहित पेट्रोल वापरावे.

चाके, शॉक, ब्रेक

इथे फार सांगण्यासारखे नाही. चौकटीची सगळी बेअरिंग आणि बुश बदलावेत, फोर्कचे ऑइल काढताना त्यातून येणाऱ्या करड्या चिखलाचे आश्चर्य मानू नये, आणि गळके शॉक दुरुस्त होईपर्यंत गाडी उडवू नये. पुढचे २१ इंची आणि मागचे १८ इंची चाक सरळ फिरते का, एकेक स्पोक टिचकीने वाजवून सारखा स्वर देतो का, हे पाहावे. कमी हवेवर टायर रिमवरून घसरून ट्यूबचा वॉल्व्ह उपटला जातो, म्हणून टायर रिमला धरून ठेवणारे रिम लॉक घालावे. १९७४ नंतरच्या लांब प्रवासाच्या गाड्यांत चेनचा ताण चाक खाली-वर होताना फार बदलतो. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आणून तिथे चेनला थोडी ढील आहे ना, हे तपासावे.

रंग सर्वांत शेवटी, आणि माझ्यापुरते सांगायचे तर शक्य तितका कमी. टाकीवर गुडघ्यांनी घासून उघडी पडलेली जागा कोणत्याही रंगाऱ्याला पुन्हा आणता येत नाही. नंबरप्लेट नवी करायची असल्यास निदान रंग बरोबर असावेत: जागतिक शर्यतींत ५०० सीसीला पिवळ्यावर काळे, २५० ला हिरव्यावर पांढरे आणि १२५ ला काळ्यावर पांढरे आकडे असत. हिरव्या प्लेटची १२५ पाहून जाणकार काही बोलत नाहीत, फक्त एकमेकांकडे पाहतात.

पहिली फेरी

गाडी सुरू झाल्यावर लगेच धावडवू नये. सिलिंडरला हात लावून ठेवता येणार नाही इतकी तापू द्यावी, बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावी, असे तीनदा करावे आणि थंड असताना हेडचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. थंड इंजिनावर जोर दिल्यास पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो आणि चार बाजूंनी चिकटतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनातही ही चूक घडते. पहिल्या दिवशी एक बोट सतत क्लचच्या लिव्हरवर ठेवावे. आवाज आवळल्यासारखा वाटला की विचार न करता क्लच ओढावा.

हेल्मेट, बूट, गुडघ्यांची आणि छातीची ढाल मात्र आजच्या काळातलीच वापरावी. गिअर उजवीकडे असेल तर आधी मोकळ्या सपाट जागेवर तासभर घालवावा, कारण घाबरलेला पाय ब्रेक समजून गिअरवरच पडतो. ड्रमचे ब्रेक आजच्या डिस्कसारखे धरत नाहीत आणि पाण्यातून गेल्यावर काही क्षण अजिबात धरत नाहीत. वळण दिसण्याआधीच ब्रेक लावायची सवय करावी आणि पाण्यानंतर ते हलके दाबून वाळवावेत. त्या काळचे मार्ग टेकड्यांच्या नैसर्गिक उतारांवर आखलेले असत, आजच्यासारख्या रचलेल्या दुहेरी-तिहेरी उड्या त्यांत नव्हत्या, आणि चार इंचांच्या शॉकवर आजची उडी मारणे म्हणजे जी चौकट एवढ्या काळजीने तपासली तीच मोडणे होय. उभे राहावे, गुडघे सैल ठेवावेत आणि खाचखळग्यांत गाडीला तिचा मार्ग काढू द्यावा. पहिल्या काही फेऱ्यांत ती आठवणीपेक्षा जड, हळू आणि हट्टी वाटेल, कारण ती तशीच होती. मग एका वळणावर मागचे चाक अलगद बाहेर सरकते, थ्रॉटलने ते तिथेच धरून ठेवता येते, आणि त्या काळचे स्वार पाय पुढे टाकून का वळत असत ते अंगाला कळते.

परतल्यावर गाडी धुताना पाण्याचा जोरदार झोत हबवर आणि बेअरिंगवर मारू नये. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करावा, चेनला तेल द्यावे आणि महिनाभर उभी राहणार असेल तर प्लगच्या छिद्रात चमचाभर ऑइल घालून किक एक-दोनदा हळू फिरवावी. सायलेन्सरच्या तोंडात फडके कोंबावे, नाहीतर उंदीर आत घर करतात. ते फडके काढल्याशिवाय किक मारायची नाही, अशी चिठ्ठी हँडलला बांधून ठेवावी. मी एकदा ती बांधली नाही आणि अर्धी सकाळ कार्ब्युरेटर खोलण्यात घालवली.